वल कुनाची?

चेअरमन काय बी सांगू द्या, मी शिवी दिली न्हाई! आवाज मोठा हाय माझा. रानात हाका मारून वाढलोय, कुजबुजायला शिकलोच न्हाई. शेक्रेटरीसाहेब, तुमी नवीन हाय, म्हनून बसा अन् ऐका. बिबवेवाडीच्या ह्या सोसायटीचा मी वाचमन. हितं वल्या भिंतीचे किस्से इतके साठल्यात, एक पुसला की खालनं दुसरा उमटतोय.

हितली तऱ्हा अशी. भिंत वली झाली की मोबाईलच्या ॲपवर तक्रार टाकायची, अन् इंग्लिश शब्द निवडायचा. 'लीकेज' निवडलं तर वरच्या फ्लॅटवाल्यानं फरशी फोडायची. 'सीपेज' असंल तर सोसायटीनं करायचं. 'डॅम्पनेस' म्हंजे ज्याचं त्यानं सोसायचं. पानी कुठनं येतंय ते बघतंय कोन!

* * *

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. वरच्या घरवाल्यांशी त्यांचं गोड, म्हनून त्यांनी 'सीपेज' निवडलं. मी बघाय गेलो तर छतातनं धार!

"बाई, बादली भरली की वो!"

"भरू दे. बादली भरली तरी ते सीपेजच आहे."

* * *

चौथ्यावरचे आजोबा. त्यांच्या बाथरूमखालच्या घरात पोपडे पडले. मी सांगाय गेलो. दार अर्धंच उघडलं.

"आमच्याकडे कोरडं आहे. खाली डॅम्पनेस असेल, तर तो त्यांच्या भिंतीचा स्वभाव आहे."

अन् दार लावलं!

* * *

बेसमेंटात गुडघाभर पानी झालं. हिंजवडीत कंपनीला जानारा एक पोरगा हाय, त्यानं हापिसात कळवलं, 'वॉटरलॉगिंग, गाडी निघत नाही.' मी पंप लावला, सकाळपतुर समदं कोरडं ठाक. वाटलं, पोरगं खूश व्हईल. ते माझ्यावरच खेकसलं!

"काका, मॅनेजर फोटो मागतोय! जरा थांबायचं ना!"

* * *

आता माझं. माझी खोली तळमजल्याच्या पार्किंगमदी, बरुबर चेअरमनच्या बाथरूमखाली. भिंत वली, गादी वली. बायकोला दमा. डॉक्टर म्हनला, "आधी खोली सुकवा, मग औषध लागू पडेल."

मी कमिटीफुडं गेलो. चेअरमनची फरशी नवीकोरी, मंग 'लीकेज' कसं म्हनतील? 'सीपेज' म्हनलं तर सोसायटीला काम. चहा झाला, बिस्किटं झाली, अन् ॲपवर नवा शब्द टाकला, 'मॉइश्चर'!

म्या इचारलं, "हे कुनी दुरुस्त करायचं?"

चेअरमन म्हनला, "मॉइश्चर हवेत असतं. हवा काय सोसायटीची आहे?"

तवा वरडलो मी. रातभर बायको बसून श्वास घेती, अन् हा मला हवा सांगतोय! वरडलो, पन शिवी न्हाई.

* * *

अन् काल काय झालं ते त्यानं तुमाला सांगितलं नसंल.

मी आमची गादी उचलली, सोसायटीच्या हापिसात नेली, चेअरमनच्या खुर्चीवर घडी करून ठेवली. तो आला. म्या हात जोडले.

"बसा, साहेब."

त्यानं गादीला हात लावला. पटकन मागं घेतला, पँटला पुसला.

"अहो, ही ओली आहे!"

मंग उभ्याउभ्याच मीटिंग घेतली त्यानं.

उठा आता. 'ओली' म्हनला तो, त्याच्याच तोंडानं. गवंडी बोलवा. आजच.