ओट्यावरचा निःपक्ष पंच

तापीकाठचं गाव आणि मराठी तिसरी, दोन्ही अर्धवट सोडून मी भोरला आलो. बरोबर एक शिवणयंत्र आणि पुष्कळशी भीती. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. मला कुणी तशी हाक मारली की मी छडी चुकवावी तसा अंग चोरी.

भातपेढीच्या अध्यक्षांनी, म्हणजे आबांनी, बाजारातल्या आपल्या घराच्या ओट्यावर मला यंत्र मांडू दिलं. भाडं नाही. त्या ओट्यावर माझं पोट होतं, त्यामुळे आबा शिंकले तरी मी उभा राही.

सुगीत सभासदांनी पेढीत भात ठेवायचं आणि पेरणीला बी न्यायचं, असा व्यवहार. दर चैत्रात पंचांनी कोठार पाहून ताळेबंदावर सह्या करायच्या, की भात जागेवर आहे. कोठार वेल्ह्याकडं. किल्ली आबांच्या जावयाकडं आणि हिशेबही त्यांच्याकडंच. पंचांत आबांचे भाऊ, आबांचे साडू आणि बांगड्या विकणारे चाचा. पुढं भोर संस्थानच्या दरबारातून हुकूम आला, की दोन पंच तरी नात्याबाहेरचे हवेत. चाचा होतेच. दुसरा मी.

"मास्तर, तुमचं हितं कुनी सगंसोयरं न्हाई," आबा म्हणाले. "तुमच्यावानी निःपक्ष मानूस कुठं घावायचा?"

मी फुगलो. आपण कोणाच्या ओट्यावर बसून निःपक्ष झालो, हे काही डोक्यात आलं नाही. नव्या कोटाला अस्तर कसलं लावावं, ते मात्र आलं.

पाहणीची रीत ठरलेली होती. भरलेल्या भाताला हात लावायचा नाही. मोजायचं ते सुगीतच, तेही पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणून. मध्येच मोजलं तर बरकत जाते. त्यात कोठार जावयाच्या हातात. जावयाला 'दाखवा बघू' म्हणणार कोण? म्हणून पंचांनी उंबऱ्यातून हात जोडायचे, आंब्याखाली जेवायचं आणि सही करायची.

बैलगाडीतून, नव्या कोटात, चैत्राच्या उन्हात मी तिथं पोचलो. दौत दिसली आणि मला घेरी आली. सही करायला मला सदऱ्याची काजं करायला लागतो तेवढा वेळ लागे. आधाराला म्हणून उंबरा ओलांडून जवळच्या पोत्यावर टेकलो, तो पोत्यात रुतलो. गुडघे छातीला आले. भाताचं पोतं असं बसत नाही. आत तूस होतं.

"वरचं एखादं तुसाचं ठेवावं लागतं," जावईबापू म्हणाले. "ओल धरू नये म्हनून."

"व्हय, व्हय," साडू म्हणाले.

जावयांची अब्रू राखणं मला माझंच काम वाटलं. ते म्हणतात ते खरंय हे दाखवायला मी घाईनं शेजारच्या पोत्यावर बसलो. तेही खाली गेलं. मग घाबरून त्याच्या पलीकडच्या.

"बसत जावा, मास्तर," दारातून चाचा म्हणाले. "येकेक करून. आमाला घाई न्हाई."

आबांनी टाक माझ्या हातात दिला. "सही करा. अन् ओट्याची काळजी करू नगा."

ओट्याचं नाव निघताच मी घाईनं टाक दौतीत बुडवला, कागदावर शाई सांडली. "करतो की, आबा," मी म्हणालो. "फक्त वर लिहू काय? भात म्हणून, का तूस म्हणून?"

लोकांनी पुढं हे माझं धैर्य म्हणून सांगितलं. खरं तर मला कोणीतरी सांगितल्याशिवाय काही लिहिताच येत नसे.

"इतक्या वर्सांत ह्ये कुनी इचारलंच न्हाई," चाचा म्हणाले. "म्याबी उंबऱ्यातनंच सह्या केल्या. मास्तरांची न्हाई तर माजीबी न्हाई."

दोन सह्या अडल्या आणि बात गावभर झाली. पेरणीचं बी आबांना घरच्या कणगीतून द्यावं लागलं. सभासदांची शेतं वाचली.

मला आबांनी एवढंच सांगितलं, "यंत्र उचला." ते एकट्याला उचलेना, तेव्हा दुसरी बाजू त्यांनीच धरली. पायऱ्या उतरताना आम्ही दोघं एकमेकांना "जपून" म्हणत होतो.

चाचांनी दुकानाच्या कडेला जागा दिली आणि भाडं सांगितलं. भाडं म्हटल्यावर मला भोरात पहिल्यांदा मोकळा श्वास आला. मग ते आणायचं कुठून, या काळजीनं तो लगेच परत अडला.