गरम लोखंडावरचा अंगठा

"हू टच्ड इट? कुणी हात लावला?" शेजारचा म्हातारा आमच्या गराजमध्ये असा ओरडला की कॅनडातल्या आमच्या रेजिना शहरातले उरलेसुरले गीज पक्षी त्याच क्षणी मेक्सिकोला निघाले.

त्याच्या चिमट्यात होती हरणाच्या शिकारीच्या रायफलची कडी, चापाभोवती असते ती. रायफल त्याच्या वडिलांची. तिला गंज चढलेला, आणि उद्या त्याची मुलगी ती कायमची न्यायला येणार. तिला नव्यासारखी द्यायची, हा त्याचा ध्यास. आठवडाभर त्याने सुटे भाग घासले, धुतले, हातमोजे घालून काळा लेप फवारला. लेप भट्टीत भाजून पक्का करायचा. त्याची बायको स्वयंपाकाचा ओव्हन देईना, म्हणून आमचा भंगार टोस्टर ओव्हन. नियम एकच: भाजून निवेपर्यंत बोट लागता कामा नये.

त्यात दसरा. दरवर्षी लॅपटॉपला आणि बर्फाच्या फावड्याला कुंकू लावून कंटाळलेली माझी बायको खरं हत्यार आलंय म्हटल्यावर तबक घेऊन हजर! आता कडीवर अंगठ्याचा ठसा उमटलेला, म्हणजे संशय तिच्यावरच.

"देवाशप्पथ, मी दार उघडलं नाही! कुंकू ओव्हनच्या टपाला लावलंय, बघा. आणि तुम्ही काय करत होतात हो?"

"मी दोन तास समोर बसून होतो. पापणी लवली नाही," म्हातारा म्हणाला. म्हणजे लवली असेल, पण एकच.

ठसा आम्ही दिव्याखाली धरला. बायकोचे दोन अंगठे मावतील एवढा रुंद. माझा जवळ धरून पाहिला, नाही. म्हाताऱ्याने हातमोजा काढून स्वतःचा धरला. तोही नाही. त्या ठशात मधोमध आडवी चीर होती. कुणाच्याच अंगठ्याला चीर नव्हती. ओव्हन बंद करून दहाच मिनिटं झाली होती, कडी अजून चटका बसेल इतकी गरम होती, आणि गराजमध्ये ओल्या लोकरीचा वास येत होता. आमच्याकडे लोकरीचं काही नाही, सगळं पॉलिएस्टर.

म्हातारा खुर्चीत बसला. "सापळ्यात चिरला होता," तो म्हणाला. "डॅडचा."

बायकोने पदर नव्हता तरी खांद्यावर ओढला.

"पण ते जाऊन..." मी म्हणालो.

"एकतीस वर्षं."

"मग आता? घासून परत भाजायचं? उद्या मुलगी येणार ना?"

त्याने कडी फडक्यात गुंडाळली, ठसा वर ठेवून.

"राहू दे," तो म्हणाला. "निवेपर्यंत थांबायचा धीर त्यांना कधीच नव्हता."