कडूबा मास्तरांची अर्धी गत

आमच्या वडनेर भोलजीत कडूबा मास्तर आयुष्यभर उलटे चालले. म्हणजे कारभारात नव्हे, रस्त्यावर. वरातीत त्यांची बँड पार्टी पुढे येत असते आणि मास्तर तिच्याकडे तोंड करून, कापसाच्या पऱ्हाटीची सोललेली काडी हलवत, मागे मागे सरकत असतात. एवढ्या वर्षांत एकदाच नांदुऱ्याला गटारात गेले, तेही काडी वर धरून. बँड थांबला नाही.

तरुणपणी ते एसटीने बुलढाण्याला जाऊन एका म्हाताऱ्या गुरुजींकडे रागदारी शिकले. गावाला वाटलं, आता हे पेटी घेऊन देवळात बसणार. यांनी क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोलवाले जमवले आणि भूप रागात बँडसाठी चक्क एक गत रचली. चांगली तीन भागांची. कोणी कधी उचलायचं, कोणी कधी गप्प बसायचं, सगळं ठरलेलं. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण पहिला भाग सुरू झाला की मास्तरांचा चेहरा असा काही खुलायचा, की मला त्यांचा हेवा वाटायचा.

प्रत्येक वरात ते हीच गत वाजवून सुरू करत. दुसरा भाग संपत आला की नवरदेवाचे दोस्त ओरडायचे, "ओ मास्तर, नाचाचं वाजवा!" मास्तर निमूटपणे काडी फिरवायचे आणि नाचाचं सुरू. तिसरा भाग गावाने कधी ऐकलाच नाही. सरावही दूर शेतातल्या गोठ्यात चालायचा. मास्तर कुरकुरले नाहीत, पण वरात संपल्यावर तो भाग एकटेच गुणगुणत बसत. मला मात्र या नाचऱ्यांचा भारी राग यायचा.

यंदा त्यांच्या योगिनीची सोयरीक दुसरबीडच्या वामनरावांच्या ऋत्विकशी ठरली. मुलीचा बाप असून मास्तरांनी अट घातली, "मंगलाष्टकांच्या आधी माही गत एक डाव शेवटपर्यंत ऐकून घ्या. बाकी मले काई नको."

वामनराव हसले. "ऐकू की, मास्तर!"

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला, पाहुण्यांच्या मुठीत अक्षता पडल्या, आणि मास्तर फेटा सावरत बँडसमोर उभे राहिले. नवरदेवाची आजी कौशल्याबाई पुटपुटली, "मुहूर्त टळतोय की वो!" वामनरावांनी तिला गप्प केलं. पहिला भाग झाला. दुसरा झाला. कोणी ओरडलं नाही.

आणि बँडने आपणहून दणक्यात नाचाचं सुरू केलं!

दुसऱ्यानंतर नाचाचं, हे त्यांच्या हातात इतकं मुरलेलं की ओरडणाऱ्याची गरजच उरली नव्हती. पोरं उड्या मारत उठली. मास्तरांची काडी वरच राहिली. त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात अंतरपाटाआडून नवरीचा आवाज आला. "गोविंदाकाका, थांबा! तिसरा राह्यला!"

क्लॅरिनेटवाला गोविंदा एकदम ओशाळला. "हात सवयीनं गेला हो, मास्तर!"

योगिनी आडूनच तिसरा भाग गुणगुणू लागली. पाळण्यात तिला तोच ऐकवून झोपवलेलं. गोविंदाने तिचा सूर धरला, मग एकेक जण आत शिरला. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. शेवटी सगळे थांबले आणि एकटी क्लॅरिनेट हळूहळू विझत गेली.

मांडव गप्प. एक टाळी नाही. मास्तरांची आमच्याकडे पाठ होती, पण माणूस घाबरलाय हे पाठीवरूनही कळत होतं. त्यांना कोण सांगणार, की गत संपली हेच निम्म्या लोकांना समजलं नव्हतं, आणि उरलेल्यांच्या मुठीत तांदूळ होते!

कौशल्याबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवत मास्तरांपर्यंत गेली आणि मुठीतल्या अक्षता तिने त्यांच्या डोक्यावर टाकल्या. मास्तर दचकून वळले. मग काय, सगळा मांडवच अक्षता घेऊन त्यांच्यावर तुटून पडला. फेट्यात तांदूळ, मिशीत तांदूळ, आणि मास्तर लहान पोरासारखे रडत हसत होते. भटजी ओरडत राहिले, "अहो, लग्न व्हायचंय!"

अक्षता कोणाकडेच उरल्या नव्हत्या. मास्तरांची बायको मनकर्णाबाई पदराने डोळे पुसत स्वयंपाकाच्या मांडवाकडे धावली. "अवं, तांदूळ आना कोनी! पोरीचं लगन राह्यलं!"