पेटीचा भाता

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. पाळकांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

आधी एक स्पष्ट करतो. उपासनेत वाद्यं नकोत, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. नव्या करारात गा म्हटलंय. वाजवा कुठे म्हटलंय? दाखवा मला! देवाने गळा दिलाय, तो पुरे. रत्नागिरीतल्या आमच्या लहानशा मंडळीत मी पंच आहे. बाजाची पेटी बंद करा, असं मी पंचांच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. मत घ्यायची वेळ आली तेव्हा हात वर केलेला मी एकटाच.

मग? मग काय केलं मी?

शनिवारी दुपारी चर्च झाडायची पाळी माझी होती, किल्ली माझ्याकडे. पेटीचा भाता मी ब्लेडने फाडला — आणि कडा नखांनी विस्कटल्या, उंदराने कुरतडल्यासारख्या. हो, तेवढा विचार केला होता. रागाच्या भरात झालं म्हणायचीही सोय नाही.

पेटी सायमनकाका वाजवायचे. पावसाळ्यात तिच्यात डांबरगोळ्या टाकायचं कामही त्यांचंच. रविवारी भात्यातून नुसती हवा सुटली. काका सगळ्यांसमोर उभे राहिले, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझीच चूक झाली हो. गोळ्या टाकायला इसरलो असणार."

विसरले नव्हते. गोळ्या मीच काढून खिशात घातल्या होत्या.

पेटी दुरुस्तीला कोल्हापूरला पाठवायचं ठरलं. ते काम मी अंगावर घेतलं आणि चालढकल करत राहिलो — तोवर नुसत्या गळ्याने गाऊ, म्हटलं. लोकांना सवय झाली. छान गातात आता. खोटं कशाला बोलू? मला ते आवडतं.

पण सायमनकाकांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं होतं. जेमतेम बोलता यायचं, गाणं कायमचं गेलं होतं. मला ठाऊक नव्हतं का? दवाखान्यात त्यांच्या उशाशी मीच तर बसलो होतो. देवाची स्तुती करायला त्यांच्याकडे बोटंच उरली होती.

प्रभूकडे जाईपर्यंत, सहा वर्षं, ते शेवटच्या बाकावर ओठ मिटून बसले. मी पहिल्या बाकावर खड्या आवाजात गात होतो. अजून गातो.