एकोणीस फेरे आणि थोडं

थोरल्या, हे मुख्यतः तुझ्यासाठी लिहिते आहे. धाकटीने वाचलं तरी हरकत नाही. फोनवर सांगायचं ठरवलं होतं, पण फोनवर मला क्रम लावता येत नाही.

तुझे आजोबा धरणावरच्या सरकारी लाँचवर मेकॅनिक होते. लाँच मोडीत निघाली तेव्हा त्यांनी तिचं इंजिन, गियरबॉक्स आणि पाण्यात फिरून लाँच ढकलणारा पितळी पंखा लिलावात घेतला आणि अनसिंगला आपल्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर बसवला. आपली शेती वाहणारे शेजारचे भाऊ तेव्हापासून विचारत, "पान्यातलं इंजिन कोरड्यात काहून ठेवलं, काका?" आजोबा म्हणायचे, "पानी येईल तवा पाहू."

दर दसऱ्याला त्या इंजिनाची पूजा व्हायची. आदल्या दिवशी मी गियरबॉक्सवरची पितळी पट्टी देवाच्या भांड्यांसारखी चिंचेने आणि राखेने घासून लख्ख करत असे. किती वर्षं केलं, आठवत नाही. एका दसऱ्याला आजोबांनी पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "देवाच्या भांड्याले नंबर नसते. याले होता." गियरचं प्रमाण सांगणारे पट्टीवरचे आकडे मी घासून काढले होते. त्यानंतर ते त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत.

ऑगस्टमधल्या एका रविवारी तुझा फोन आला. त्याआधीचा होळीच्या सुमारास आला होता. तू तिकडे परदेशात, तळ्याकाठी एक जुनी लाकडी नाव घेतली होतीस आणि तिच्यात आजोबांच्या इंजिनाचं जुळं भावंडच निघालं होतं. पण गियरबॉक्स गंजून पार बसलेला आणि पंखा गायब. एका माणसाकडे जुने गियरबॉक्स होते, त्यातला कोणता घ्यायचा ते तुला कळत नव्हतं. "आजी, आजोबांच्या इंजिनाचा रेशो काय आहे? आणि पंख्याचं माप? तेवढंच बघून सांगशील?"

मी म्हटलं, "बघते."

सोमवारी सकाळी भाऊंना बोलावलं. आजोबांनी मला रीत दाखवून ठेवली होती. इंजिनाचे प्लग काढायचे, म्हणजे मोठं चाक हाताने फिरतं. चाकावर खडूची एक रेघ, पंख्याकडे जाणाऱ्या दांड्यावर दुसरी. लिव्हर पुढच्या गियरमध्ये टाकायचा, मागच्या नाही, कारण मागच्याचं प्रमाण वेगळं असतं. मग दांड्याचे दहा फेरे होईपर्यंत चाकाचे फेरे मोजायचे. एकावर थांबलं तर चूक लपते, दहावर उघडी पडते.

भाऊंनी चाक फिरवलं, मी दांड्यावर नजर ठेवली. एकोणीस फेरे आणि थोडं वर.

"काकू, इसच धरा ना. थोडक्यासाठी कायले कोर्टात जाता?"

"वीस नाही. पुन्हा फिरवा."

"मास्तरीन बाई सुटल्या, पन शाळा काही सुटून नाही राह्यली," असं म्हणत त्यांनी पुन्हा फिरवलं. तीनदा तेच आलं. मग आठवलं, आजोबा सांगायचे की गियरच्या चाकांच्या दात्यांची संख्या मुद्दाम एकमेकींनी पूर्ण भागत नाही अशी ठेवतात, म्हणजे रोज त्याच दात्याला तोच दाता भेटत नाही आणि झीज सारखी होते. दांड्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे एक पूर्णांक नऊ दशांश आणि किंचित वर. मी वहीत तसं लिहिलं.

पंख्याला तीन पाती, म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ माप घेता येत नाही. मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत सात इंच भरलं, दुप्पट केलं, चौदा. बुडाशी कुंकवाचा थर होता. तो खरवडला तर खाली छाप होता, चौदा आणि दहा. दहा म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात किती इंच पुढे सरकायला हवा ते. तिथे माझी चिंच पोचली नव्हती.

अकराच्या आत सगळं झालं होतं.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला आणि मी म्हटलं, "आज नुसती साफसफाई केली." मंगळवारी म्हटलं, प्लग निघत नाहीत. बुधवारी तू मला नाव दाखवलीस, ताडपत्री उचलून, कॅमेरा हलवत. गुरुवारी तू आजोबा तुला खांद्यावर घेऊन शेडमध्ये नेत त्याची आठवण काढलीस. ती तुला आहे हे मला माहीत नव्हतं. शुक्रवारी मी एका पात्याचं माप सांगितलं, बाकीची दोन राहिली म्हणून. तू हसलास. "आजी, घाई नको करू," म्हणालास.

मी घाई केली नाही. नऊ दिवस रोज पाच वाजता चहा घेऊन ओसरीवर बसत होते, फोन मांडीवर ठेवून. भाऊंनी एकदा विचारलं, "अजून सांगतलं नाही त्याले?" मी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. ते म्हणाले, "बरं," आणि बैलांकडे गेले.

दहाव्या दिवशी तू म्हणालास की गियरबॉक्सवाला आणखी थांबणार नाही, एकेक विकतो आहे, आणि थंडीआधी नाव पाण्यात घालायला फार थोडे दिवस उरलेत. मी वही आणून सगळं वाचून दाखवलं. तू म्हणालास, "आजी, यू आर ग्रेट."

दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला. तुला हवा होता तोच गियरबॉक्स आदल्या आठवड्यात कुणीतरी नेला होता. "नशीब. पुढच्या उन्हाळ्यात बघू," असं तू लिहिलं होतंस. पुढे एक हसरा चेहरा.

ते नशीब नव्हतं. आकडे सोमवारपासून माझ्या वहीत होते. तुझा उन्हाळा माझ्यामुळे गेला.

त्यानंतर फोन आलेला नाही. विचारण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यात तुझा दोष नाही. दसऱ्याला मी इंजिनाला हळद-कुंकू वाहिलं, पट्टी घासली नाही. मग भाऊंना थांबवून घेतलं, लिव्हर मागच्या गियरमध्ये टाकला आणि दहा फेरे मोजले. आकडा खरंच वेगळा आला. वहीत लिहून ठेवला आहे. तो अजून कुणी विचारलेला नाही.