सलाम अडला होता

पडदा वर जातो. रंगमंचावर अर्धा बांधलेला लाकडी जिना, खाली भुसा. मध्ये एक माणूस तोंडात खिळे धरून उभा. हा आमच्या नाटक कंपनीचा सुतार. आम्ही त्याला पाचर म्हणायचो, कारण कुठलंही डगमगणारं दार त्याचा हात लागला की गप्प बसायचं. नमाजाची वेळ झाली की पडद्यामागे चटई पसरायचा, आणि आम्ही नट मंडळी तेवढा वेळ कुजबुजत भांडायचो.

त्याचा धाकटा भाऊ पडद्याचे दोर ओढायचा. देखणा, तोंडाळ, कामचुकार. त्या दिवशी त्याने दोर नीट बांधला नाही. वर टांगलेली नेपथ्याची लाकडी भिंत सुटली आणि थेट जिन्यावर कोसळली. महिन्याच्या कामाचा चुरा! आणि वरून पठ्ठ्या हसला, "दादा, तुझा जिना तुझ्यासारखाच. वर नेतो म्हणतो आणि तोंडघशी पाडतो."

पाचरने हातातला लाकडी हातोडा फिरवला. धाकट्याने हात आडवा घातला. मनगट मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असता. तो खाली पडला तरी पाचर थांबेना; खांद्यावर, बरगड्यांवर घाव घालत राहिला. आम्ही तिघं चौघं त्याच्यावर पडलो. माझ्या दंडाला तो कडकडून चावला. शेवटी हातोडा हिसकावला तेव्हा दांडा रक्ताने बुळबुळीत झाला होता.

जरा वेळाने तो सवयीने नमाजाआधी हातपाय धुवायला नळावर गेला, हात पुढे केले, त्यांच्याकडे पाहिलं आणि नळ बंद केला.

"वजू नाही करत?" मी विचारलं.

"या हातांनी? माझं ईमान गेलं, साहेब. आता कसली नमाज?"

त्या दिवसापासून पुढचे कित्येक महिने बुडत्याचा पाय खोलात. कधी दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस गुत्त्यात दिसू लागला. तिथे एकाचं डोकं बाकावर आपटलं. घरचं दार लाथेने फोडलं. बायकोवर हात उगारला, तेव्हा तिने तो हवेतच धरला. "भावाला मारलंत म्हणून नमाज सोडली, नमाज सोडली म्हणून प्यायला लागलात, आता प्यायलात म्हणून मला मारणार? अल्लाहला तोंड दाखवायची लाज वाटते ना? मग मला कसं दाखवता?"

दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला इमामसाहेबांकडे ढकललं. मी सोबतीला गेलो.

"मी धर्मातून बाहेर फेकला गेलो," पाचर म्हणाला.

"कोणी फेकलं? तूच उठून गेलास," म्हातारे इमाम खेकसले. "पापाने ईमान मरत नाही, आजारी पडतं. प्रत्येक पापाने आणखी खंगतं. आजाऱ्याचं पाणी तोडतात का रे? तू तेच केलंस. तौबा कर, पस्तावून अल्लाहकडे परत ये, नमाजाला उभा राहा. पण एक ऐक. अल्लाहचा नियम मोडलास, ते तो माफ करेल. भावाचं मनगट मोडलंस, त्याची माफी भावाच्या दारात."

त्या दाराकडे काही त्याचे पाय वळेनात.

शुक्रवारी मात्र तो मशिदीत गेला. मी चपलांपाशी उभा होतो. रांगा लागल्या, आणि त्याच्या उजव्या हाताला मोकळ्या राहिलेल्या जागेत नेमका धाकटा येऊन उभा राहिला. खांद्याला खांदा. मनगट वाकडं जुळलेलं. नमाज शेवटाला आली. सगळ्यांनी मान उजवीकडे वळवून सलाम केला, मग डावीकडे. या सलामाशिवाय नमाज पुरी होत नाही, पण पाचर समोर बघत तसाच बसून. उजवीकडे वळून 'तुमच्यावर शांती असो' म्हणायचं, ते त्याच मनगटाला! लोक उठले, गेले. त्याची मान वळेना, गालांवरून पाणी.

धाकटा बाजूलाच बसून होता. म्हणाला, "दादा, नमाज सोडून पळालास तर याद राख. आधी हात मोडलास, आता सलामही बुडवतोस? माफ मी केलेलं नाही. करेन की नाही ते माझं मी बघेन. पण सलाम माझ्या हक्काचा आहे. दे."

पाचरची मान उजवीकडे वळली. "अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह." मग डावीकडे. नमाज पुरी झाली.

मग तो पुन्हा भावाकडे वळला. इतक्या महिन्यांत जे एकदाही विचारलं नव्हतं, ते त्याने विचारलं.

"हात अजून दुखतो का रे?"