आधी बीबीए, मग वकिली

किस्से गोळा करायला कुणी बसत नाही. आपण काहीतरी गंभीर काम करायला जातो आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये कपड्यांना कापूस चिकटावा तसे ते अंगाला चिकटून येतात. घरी येऊन झटकले तरी थोडे राहतातच.

माझं गंभीर काम असं. मी दिल्लीत कायदा शिकले आणि ठरवून सोलापूरला परत आले. वकील फक्त वकिलांच्याच घरात निपजतात, ही रीत मला मोडायची होती. म्हणून दर रविवारी सकाळी बारावी कॉमर्स झालेली मुलं जमवायची आणि बीबीए करता करताच पुढच्या लॉची तयारी कशी करायची ते त्यांना सांगायचं, असा बेत केला. शेजारच्या कुलकर्णी सरांनी गच्चीवरची खोली दिली. सर निवृत्त, पण कॉमर्स शिकवायची खोड गेलेली नाही.

यात खरा पेच होता तो लावण्याचा. तिच्या घरी टॉवेलचे माग, बोली तेलुगू. वडील नरसय्याकाका बीबीएला आनंदाने तयार होते. "शिकंल, टॉवेल विकंल." पुढं लॉ म्हटलं की मान आडवी. "पोरगी कोर्टात भांडनार? नको." आणि लावण्याला करायचं होतं ते लॉच! बीबीए तिच्या लेखी फक्त पायरी होती.

*

पहिल्या रविवारी मी जीव तोडून बोलले. करार, कंपनी, कर, कामगार. बीबीएत जे जे शिकाल ते सगळं शेवटी कायद्यापाशीच येतं, म्हणून दोन्ही शिका! मुलं भारावली, असं मला तरी वाटलं.

त्यांच्यातला वळसंग गावचा बिरू पुढच्या रविवारी आला तो तोंड पाडून. "ताई, घरी सांगितलं. आधी बीबीए, मग लॉ."

"मग? काय म्हणाले?"

"आज्जा म्हनला, दोन-दोन कशाला? एकात नापास व्हनार हाय व्हय आदीच?"

*

मग मी तीन वर्षांचा आराखडा केला. मोठा कागद, रंगीत पेनं. पहिल्या वर्षी रोज अग्रलेख वाचायचा आणि भाषणाचा सराव, दुसऱ्या वर्षी वकिलांच्या ऑफिसात उमेदवारी, तिसऱ्या वर्षी लॉच्या प्रवेश परीक्षेची तयारी. एकही सुटी वाया जाऊ दिली नव्हती.

कुलकर्णी सरांनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"उत्तम! फक्त एक शंका आहे. यात बीबीएचा अभ्यास कधी करायचा?"

मी कागद गुंडाळला. पुढच्या रविवारी नवा केला. त्यात रंग कमी होते.

*

एकदा करार शिकवत होते. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने तो स्वीकारायचा, की झाला करार. म्हटलं, आपापल्या घरातलं उदाहरण द्या.

बिरूचं घर शेळ्या-मेंढ्यांचं. तो उठला. "बाजारात आमी शेळी विकतो तवा रुमालाखाली एकमेकाची बोटं धरून भाव ठरतो. तोंडानं कुनीच काय बोलत न्हाय."

"वा! मग यात प्रस्ताव कुठे आहे?"

"रुमालाखाली."

"आणि स्वीकार?"

"त्यो बी रुमालाखालीच की."

"अरे, पण उद्या भांडण झालं तर साक्षीदार कोण?"

बिरूने थोडा विचार केला. "शेळी."

*

लावण्याच्या घरी मी गेले ती पूर्ण तयारीनिशी. नरसय्याकाका घरामागच्या शेडमध्ये होते. सगळे माग चालू. काकांनी खुणेनेच सांगितलं, बोला. त्या खडखडाटात मी बोलत राहिले, मग ओरडत राहिले. काका मान डोलावत होते. मला वाटलं, पटतंय! मी आणखी आवाज चढवला आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. सगळे माग एका क्षणात थांबले आणि माझं वाक्य अख्ख्या गल्लीत घुमलं.

"मुलीच्या आयुष्याचा निर्णय मुलीला घेऊ द्या!"

शेडमधले सगळे कामगार माझ्याकडे बघत होते. शेजारची भांडी घासणारी बाईसुद्धा थांबली.

काका शांतपणे म्हणाले, "म्याडम, आता हळू बोला. येतंय ऐकू."

मी खालच्या आवाजात पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या धंद्यात सँपल बघितल्याशिवाय कुनी ऑर्डर देत न्हाय. ही वकील व्हनार म्हनता. सँपल कुटंय?"

*

सँपलची वेळ त्यानंतरच्या रविवारीच आली. मी लावण्याला बोलवायला गेले तर गल्लीत भांडण पेटलेलं. काकांच्या मागांसाठी बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, घेऊन टेंपो आला होता आणि नेहमीसारखा शेजारच्या बसण्णाच्या दाराला चिकटून उभा होता. बसण्णाची म्हातारी आई आत अडकलेली. बसण्णा दारातून ओरडत होता, काका टेंपोच्या अलीकडून.

मला बघताच काका लावण्याला म्हणाले, "चल, दाखव सँपल! म्याडम जज."

"नाना, बाजू कुणाची घेऊ?" लावण्याने वडिलांना विचारलं.

काकांनी गल्लीवरून नजर फिरवली. सगळे बघत होते. "तुला खरी वाटंल त्याची," ते ऐटीत म्हणाले.

लावण्या टेंपोला वळसा घालून, अंग चोरून फटीतून शिरली आणि बसण्णाच्या शेजारी उभी राहिली.

काकांची ऐट उतरली. पण शब्द दिलेला होता.

"नाना, टेंपो गल्लीच्या तोंडाशी उभा केला तर बीम घरापर्यंत येणार नाहीत का?"

"येतील की. पन खांद्यावरनं आनायला लागतील. मानसं दमतील."

"दमतील, पण येतील?"

"येतील."

"आणि टेंपो इथं असताना आज्जी बाहेर येतील?"

काकांनी टेंपो आणि दार यांच्यामधल्या फटीकडे बघितलं.

"माझं झालं," लावण्या म्हणाली.

मागून कुणीतरी ओरडलं, "नरसय्या, केस गेली की रे!" गल्ली हसली. मला निकाल द्यावाच लागला नाही. काकांनी ड्रायव्हरला हात केला, "घे मागं," आणि टेंपो मागे जाईपर्यंत तिकडेच बघत राहिले. लावण्याचा चेहरा पांढरा पडला होता. मलाही वाटलं, संपलं! बापाला भर गल्लीत हरवलं. आता लॉ राहू दे, बीबीएसुद्धा गेली.

काका खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत माझ्यापाशी आले.

"म्याडम, बीबीए झाली की लगेच लॉला घाला हिला."

"म्हणजे... पटलं तुम्हाला?"

पलीकडे बसण्णा लावण्याच्या डोक्यावर हात ठेवून कौतुक करत होता. काकांनी तिकडे एकदा बघितलं.

"पटायचं नंतर बघू. ह्या बसण्णानं तिला वकील लावायच्या आदी मी लावतो!"